न्यू हार्मनी कुणाची होती?



समाजवादावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा आक्षेप असा की, माणूस स्वभावतःच स्वार्थी आहे, म्हणून समतेच्या पायावर उभारलेला समाज टिकूच शकत नाही. ह्या आक्षेपाला पुरावा म्हणून एक यादी पुढे केली जाते. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, मोठ्या आशेने वसवल्या गेलेल्या आणि बघता बघता मोडून पडलेल्या आदर्श वसाहतींची ती यादी असते. रॉबर्ट ओवेनची न्यू हार्मनी दोन वर्षांत संपली. ब्रूक फार्म १८४१ साली सुरू होऊन १८४७ साली मोडली. काबेच्या अनुयायांनी 'इकेरिया'च्या शोधात टेक्सासपासून इलिनॉयपर्यंत वाटचाल केली आणि तिथेही त्यांच्यात फूट पडली. एवढी यादी वाचून दाखवली की वाद संपला असे मानण्याची रीत आहे.

गंमत अशी की समाजवादी मंडळीही ह्या यादीपुढे ओशाळतात. एंगल्सने 'स्वप्नाळू' आणि 'शास्त्रीय' समाजवाद असा भेद केला होता. त्याचा आधार घेऊन, ते सारे स्वप्नाळूंचे प्रकरण होते, त्याच्याशी आमचा संबंध नाही, असे म्हणून ती मोकळी होतात. खुद्द एंगल्सने मात्र १८८० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच पुस्तिकेत ओवेनविषयी इतक्या आदराने लिहिले आहे की, हा भेद हात झटकण्यासाठी केलेला नाही हे कोणाच्याही ध्यानात यावे.

तेव्हा यादी बाजूला ठेवून तिच्यातील एकच प्रकरण, सर्वांत गाजलेले, नीट तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. तपासणी तत्त्वज्ञाची नव्हे, हिशेबनिसाची हवी. जमीन कुणाच्या नावे होती, वही कुणाच्या हातात होती आणि अखेरची सही कुणाची चालत होती, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे मानवी स्वभावाला बराच काळ रजा देता येते.

ओवेनचा जन्म १७७१ सालचा, वेल्समधील न्यूटाउन ह्या लहानशा गावी. दहाव्या वर्षी घर सोडून तो कापडदुकानात उमेदवारीला लागला आणि विशीतच मँचेस्टरमध्ये सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. १७९९ साली त्याने आपल्या भागीदारांसह स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या न्यू लॅनार्कच्या गिरण्या डेव्हिड डेलकडून साठ हजार पौंडांना घेतल्या, त्याच वर्षी डेलच्या मुलीशी विवाह केला, आणि १ जानेवारी १८०० पासून तेथील कारभार हाती घेतला. डेल त्या काळाच्या मानाने दयाळू मालक होता. तरीही त्याच्या गिरण्यांत अनाथ व निराधार अशी सुमारे पाचशे मुले राबत होती.

न्यू लॅनार्कमध्ये ओवेनने जे केले त्याची कीर्ती युरोपभर झाली. निराधार मुले आणणे त्याने बंद केले. दहा वर्षांखालील मुलांना गिरणीत घेणे थांबवले. कामाचे तास पुढे पावणेअकरापर्यंत खाली आणले. आज हा आकडा भयंकर वाटतो, पण तेरा-चौदा तासांच्या काळात तो क्रांतिकारक होता. गिरणीचे दुकान सुरू करून चांगला माल जवळजवळ मूळ किमतीत विकला आणि उरलेला नफा शाळेकडे वळवला. १८१६ च्या जानेवारीत उघडलेल्या त्या शाळेत अगदी चालू लागलेल्या बालकांनाही प्रवेश होता, मारणे-रागावणे निषिद्ध होते, आणि भूगोलाबरोबर गाणे व नाचही शिकवला जात असे. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे कापूस येईनासा झाला आणि गिरण्या चार महिने बंद पडल्या, तेव्हा त्याने कामगारांना पूर्ण पगार दिला. हा खर्च सात हजार पौंडांवर गेला. त्यानंतर कामगारांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

हे सर्व खरे. परंतु त्याच न्यू लॅनार्कमध्ये प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा एक चौकोनी तुकडा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी आणि पांढरी अशा रंगवलेल्या. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू पुढे, उत्तम असेल तर पांढरी. ओवेन ह्या साधनाला 'मूक पर्यवेक्षक' म्हणे आणि गिरणीतून फेरी मारताना नुसत्या रंगांवरून त्याला सर्व कळे. शिवीगाळ नाही, दंड नाही, मुकादमाची छडी नाही. केवळ एक रंग. माणसाचा स्वभाव परिस्थितीने घडतो, म्हणून परिस्थिती बदला म्हणजे माणूस बदलेल, हा ओवेनचा मूलमंत्र होता. पण परिस्थिती बदलणारा कोण आणि जिची परिस्थिती बदलायची ती माणसे कोण, ही विभागणी त्याने कधी मोडली नाही. आपले कामगार आपल्या मर्जीवर जगणारे दास आहेत अशा आशयाची कबुली त्याने पुढे स्वतःच दिली. त्याचा हा प्रामाणिकपणा त्या काळच्या किती गिरणीमालकांत आढळला असता?

नफ्याचे काय? १८१३ साली जुन्या भागीदारांशी बिनसल्यावर गिरण्यांचा लिलाव झाला आणि ओवेनने नव्या भागीदारांसह त्या १,१४,१०० पौंडांना परत घेतल्या. ह्या भागीदारांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम आणि क्वेकर पंथाचा विल्यम अॅलन होते. भांडवलावर पाच टक्क्यांहून अधिक घ्यायचे नाही, बाकी कामगारांच्या हितासाठी, असे ठरले. पुढे म्हातारपणी ओवेनने एक हिशेब मांडला. न्यू लॅनार्कची अडीच हजार माणसे यंत्रांच्या साह्याने जेवढी संपत्ती निर्माण करीत होती, तेवढी निर्माण करण्यास अर्धशतकापूर्वी सहा लाख माणसे लागली असती. मग अडीच हजारांनी खाल्ले त्याच्या आणि सहा लाखांनी खाल्ले असते त्याच्या मधला फरक कुठे गेला? उत्तर त्याच्या स्वतःच्याच कीर्दखतावणीत होते. पाच टक्के व्याज आणि वर तीन लाख पौंडांहून अधिक निव्वळ नफा. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ओवेनला क्वचितच जागा मिळते, पण हा प्रश्न इतक्या सोप्या शब्दांत विचारणारा तो पहिल्या काही जणांपैकी होता आणि तो स्वतः मालक असून त्याने तो विचारला.

नेपोलियनच्या युद्धानंतर इंग्लंडमध्ये मंदी आली आणि बेकारांचे तांडे रस्त्यावर आले, तेव्हा ओवेनने सरकारपुढे योजना मांडली. सुमारे हजार-बाराशे माणसांची स्वयंपूर्ण गावे वसवावीत, घरे चौकोनात बांधावीत, मधोमध स्वयंपाकघर आणि शाळा असावी, शेती आणि कारखाना दोन्ही चालवावेत. सरकारने दाद दिली नाही. विल्यम कॉबेट ह्या जहाल पत्रकाराने 'भिकाऱ्यांचे समांतरभुज चौकोन' म्हणून तिची टर उडवली. कारखान्यांतील मुलांसाठी कायदा व्हावा म्हणून ओवेनने चार वर्षे खटपट केली. १८१९ साली जो कायदा झाला तो इतका कापून काढलेला होता की त्याच्या अंमलबजावणीसाठी निरीक्षकसुद्धा नव्हते. तेव्हा ओवेनची दृष्टी अमेरिकेकडे वळली.

इंडियाना राज्यात वॉबॅश नदीकाठी एक तयार गावच विकायला निघाले होते. ते जॉर्ज रॅप ह्या जर्मन धर्मगुरूच्या अनुयायांनी १८१४ पासून दहा वर्षांत उभारलेले होते. सुमारे वीस हजार एकर जमीन, विटांची व लाकडाची दीडशेहून अधिक घरे, गिरण्या, द्राक्षमळे, रंगशाळा. आठशे माणसांनी जंगल तोडून हे निर्माण केले होते आणि त्यांचा माल दूरदूर विकला जात होता. ओवेनने १८२५ च्या जानेवारीत हे सर्व सव्वा लाखाहून अधिक डॉलर मोजून खरेदी केले. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात त्याची दोन व्याख्याने झाली. मन्रो आणि जॉन क्विन्सी अॅडम्स ह्यांच्यासारखे श्रोते समोर होते. समाजवादी विचाराच्या माणसाला एवढे मोठे व्यासपीठ त्या देशात पुन्हा क्वचितच मिळाले असेल.

ह्या ठिकाणी रॅपच्या लोकांकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण 'स्वभावतः स्वार्थी' वाल्यांच्या यादीत ते कधीच नसतात. त्यांच्यातही खासगी मालमत्ता नव्हती. तेही एका पंगतीतले, एका कोठारातले. आणि त्यांचा समाज एक शतक टिकला. १९०५ साली तो विसर्जित झाला तो भांडणामुळे नव्हे, तर १८०७ पासून त्यांनी ब्रह्मचर्य स्वीकारले होते आणि अखेरीस माणसेच उरली नाहीत म्हणून. त्याच जमिनीवर, त्याच घरांत, त्याच गिरण्यांत एक सामुदायिक समाज भरभराटला आणि दुसरा दोन वर्षांत मोडला. म्हणजे दोष 'सामुदायिक' ह्या विशेषणात नसावा.

रॅपच्या यशाची किंमत मात्र लहान नव्हती. तेथे पित्यासमान गुरूची आज्ञा अंतिम होती. ख्रिस्ताचे पुनरागमन जवळ आले आहे ह्या श्रद्धेने सर्व बांधलेले होते. प्रारंभी कोणी किती धन आणले ह्याची एक वही ठेवलेली होती. १८१८ साली रॅपने ती सर्वांच्या संमतीने जाळली. नंतर बाहेर पडणाऱ्याला आपला वाटा सिद्ध करायला कागदच उरला नाही. व्यवहार पाहणारा त्याचा दत्तकपुत्र फ्रेडरिक मात्र सर्व कागद नीट सांभाळून होता. वही जळली ती सभासदांची, कारभाराची नव्हे.

ओवेनच्या नव्या वसाहतीत नेमके उलट झाले. वर्तमानपत्रांतून त्याने सर्वांना खुले निमंत्रण दिले होते. काही महिन्यांतच आठशे ते हजार माणसे येऊन दाखल झाली. त्यांत खरे श्रद्धावंत होते, हुशार कारागीर होते, आणि इतरत्र कुठेच न जमलेलेही पुष्कळ होते. निवड करण्याची व्यवस्थाच नव्हती. ओवेन स्वतः जूनमध्ये इंग्लंडला निघून गेला तो १८२६ च्या जानेवारीपर्यंत परतलाच नाही. कारभार त्याचा तरुण मुलगा विल्यम पाहत होता. घरे अपुरी पडली. रॅपच्या कारागिरांनी चालवलेली यंत्रे कुशल हातांअभावी बंद राहिली. विल्यम वडिलांना कळवीत होता की जागा नाही. आणि वडील लोकांना या म्हणत होते.

ओवेन परतला तेव्हा मात्र त्याच्यासोबत आणि मागोमाग विद्वानांचा एक जथा नावेतून आला. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम मॅक्लूर, कीटकशास्त्रज्ञ टॉमस से, चित्रकार व निसर्गशास्त्रज्ञ लेस्यूर, पेस्टालोझीच्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षिका फ्रेतजो. 'ज्ञानाची नौका' म्हणून ती प्रसिद्ध आहे. गावात व्याख्याने, नाच, संगीत, वर्तमानपत्र, सर्व काही होते. शेतावर माणसे कमी होती. ह्यांपैकी स्टेडमन व्हिटवेल नावाच्या वास्तुविशारदाने गावांची नावे अक्षांश-रेखांशांवरून पाडण्याची पद्धत शोधली होती. आकड्यांना अक्षरे द्यायची आणि त्यांचे नाव बनवायचे. तीनुसार शेजारच्या एका उपवसाहतीचे नाव 'फीबा पेव्हेली' असे ठेवले गेले. त्या वसाहतीत इंग्रज शेतकरी राहत होते. त्यांनी हे नाव कसे उच्चारले असेल कोण जाणे.

प्रारंभी तीन वर्षांचा तयारीचा काळ ठेवायचा, असा बेत होता. त्या काळात प्रत्येकाचे दुकानात खाते. कामाची जमा एका बाजूला, उचललेल्या मालाची नावे दुसऱ्या बाजूला. मग उतावीळपणाने ५ फेब्रुवारी १८२६ रोजी नवे संविधान मंजूर झाले: पूर्ण समता, वयानुसार सर्वांना सारखे अन्न, वस्त्र, निवारा. काही आठवड्यांतच गाडी अडली आणि त्याच सभासदांनी ओवेनला विनंती केली की, आता तुम्हीच वर्षभर कारभार हाती घ्या. समतेच्या समाजाने आपला पहिला मोठा निर्णय घेतला तो आपला अधिकार परत मालकाकडे सोपवण्याचा. ह्यात त्यांचा आळस पाहणारे पुष्कळ आहेत. पण एक साधी गोष्ट विसरली जाते. संविधानात मालमत्ता समाजाची म्हटलेली होती, तरी खरेदीखत ओवेनच्या नावे होते. समाजाने ती जमीन त्याच्याकडून हप्त्यांनी विकत घ्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. हप्ते कोणी, किती, कोणत्या उत्पन्नातून भरायचे ह्यावर महिनोन्‌महिने वाद चालले. वसाहतीत राहून गेलेल्या पॉल ब्राउन ह्या कडवट गृहस्थाने १८२७ साली आपल्या बारा महिन्यांच्या वास्तव्यावर पुस्तक लिहिले. त्याची मुख्य तक्रार हीच होती: बंधुभावाची भाषा आणि दुकानातल्या खात्याचा जाच एकत्र नांदू शकत नाहीत, आणि जमीन विकणारा माणूस समतेचा उपदेशक होऊ शकत नाही. ब्राउनचे सर्वच म्हणणे न्याय्य नाही. खाते न ठेवता हजार माणसांची चूल कशी पेटणार, ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पण दुसऱ्या मुद्द्याला ओवेनपाशी उत्तर नव्हते.

४ जुलै १८२६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षदिनी, ओवेनने 'मानसिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा' वाचला. खासगी मालमत्ता, बुद्धीला न पटणारा धर्म आणि ह्या दोहोंवर आधारलेला विवाह ही मानवजातीची तीन बंधने आहेत, असे त्याने सांगितले. त्या दिवशी वीस हजार एकरांचे खत त्याच्याच पेटीत होते. १८२७ च्या वसंतात वसाहतीचे तुकडे पडले, जमीन भाड्याने आणि विक्रीने खासगी हातांत जाऊ लागली. ओवेनची सुमारे चार-पंचमांश संपत्ती ह्यात गेली. सांगतात की, एका घेणाऱ्याने जमिनीबरोबर 'तिच्यावर जे असेल ते' असा करार करून घेतला आणि आदल्या रात्री आसपासची गुरे-अवजारे आपल्या हद्दीत हाकून आणली. आणि जिथे दारूला बंदी होती तिथे त्याने दारूची भट्टी लावली.

आता अशी एक बाब की जिचा उल्लेख ओवेनच्या स्तुतिपाठकांकडून आणि टीकाकारांकडून सारखाच टाळला जातो. १८२५ च्या मे महिन्यातील प्राथमिक नियमावलीत सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या माणसांना प्रवेश होता, वर्णीय लोकांना वगळून. त्यांना घ्यायचेच झाले तर मदतनीस म्हणून. इंडियानात गुलामगिरी कायद्याने नव्हती. ही भिंत वसाहतीने आपण होऊन उभारली. टॉमस मोरने १५१६ साली कल्पिलेल्या 'युटोपिया'तही गुलाम होते, ह्याची येथे आठवण होते. आणि न्यू लॅनार्कच्या आदर्श गिरण्यांत येणारा कापूस कोण वेचीत होते? निर्यातबंदीच्या चार महिन्यांनी ते पुरेसे दाखवून दिले होते. परिस्थिती माणूस घडवते हा सिद्धान्त मांडणाऱ्याने मळ्यावरच्या माणसाला त्या सिद्धान्तात बसवले नाही. ओवेनच्या सहवासातील फ्रान्सेस राइट ह्या स्कॉटिश तरुणीने तो प्रयत्न केला. तिने १८२५ साली टेनेसीत मेंफिसजवळ 'नाशोबा' नावाची वसाहत काढली. गुलाम विकत घेऊन त्यांनी श्रमातून आपली मुक्तता कमवावी, अशी योजना. तीही फसली, मलेरिया, कर्ज आणि अपवाद ह्यांनी ती पोखरली. पण १८३० साली राइट तेथील सुमारे तीस माणसांना स्वतः घेऊन हैतीला गेली आणि त्यांना मुक्त केले. यशापयशाच्या यादीत ही तीस माणसे कोणत्या रकान्यात मोडतात?

स्त्रियांची कथा वेगळी नव्हती. न्यू हार्मनीत त्यांना मताचा आणि शिक्षणाचा हक्क देण्याची भाषा होती. प्रत्यक्षात सामुदायिक काम त्यांच्या वाट्याला आले आणि घरचे काम सुटले नाही. स्वयंपाक, धुणे, शिवण ही कामे समाजाच्या खात्यात कशी मोजायची ह्याचा विचार करायला विद्वानांच्या नौकेत कोणाला सवड मिळाली नाही.

मग स्वभावाचा प्रश्न? त्याचे उत्तर आयर्लंडात, क्लेअर परगण्यातील रॅलाहाइनला मिळते. हे प्रकरण यादीत सहसा नसते, कारण ते यादी करणाऱ्यांना सोयीचे नाही. जॉन स्कॉट व्हँडेल्यूर ह्या जमीनदाराने १८२३ साली डब्लिनमध्ये ओवेनचे व्याख्यान ऐकले होते. १८३१ साली परगण्यात शेतकऱ्यांच्या गुप्त टोळ्यांचा उच्छाद सुरू झाला आणि त्याच्या जुलमी कारभाऱ्याची हत्या झाली, तेव्हा भयाने म्हणा वा श्रद्धेने, त्याने मँचेस्टरहून एडवर्ड टॉमस क्रेग ह्या ओवेनपंथी तरुणाला बोलावले. क्रेगला आयरिश येत नव्हते. वाटेत भेटणाऱ्यांना काय म्हणून अभिवादन करावे असे त्याने विचारले, तर एका खट्याळाने त्याला 'जा सैतानाकडे' अशा अर्थाचे शब्द शिकवले आणि क्रेग काही दिवस हसतमुखाने तेच सर्वांना म्हणत फिरला. जिथे मागच्या कारभाऱ्याला गोळी घातली होती तिथे ही चेष्टा जिवावर बेतली असती.

१८३१ च्या नोव्हेंबरात ६१८ एकरांवर संस्था सुरू झाली. सभासद पन्नासच्या आसपास; पुढे ऐंशीवर गेले. हीच माणसे काही महिन्यांपूर्वी त्या जमिनीवर मजूर म्हणून राबत होती आणि मालकाच्या जिवावर उठली होती. फरक एवढाच झाला की खंड ठरवून दिला गेला: सुमारे नऊशे पौंड किमतीचा ठरावीक गहू, सातू, ओट, लोणी आणि मांस. त्याच्यावर जे पिकेल ते संस्थेचे. नऊ जणांची समिती दर सहा महिन्यांनी निवडली जाई. दर संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या कामाची वाटणी होऊन ती पाटीवर लिहिली जाई. मुकादम नव्हता. मजुरी श्रमाच्या नोटांत, आणि ती संस्थेच्या दुकानात चाले. नवा सभासद आठवडाभर राहून मग मतदानाने घेतला जाई. दारू, तंबाखू आणि जुगार ह्यांना बंदी होती. आयर्लंडात इतरत्र मजूर यंत्रे मोडत असताना ह्या मजुरांनी १८३३ साली कापणीचे यंत्र आपण होऊन आणवले, कारण वाचलेला श्रम त्यांचाच होता. दोन वर्षे खंड चुकला नाही. परगणा पेटलेला असताना हे शेत शांत होते.

ते मोडले कसे? जुगाराने, पण सभासदांच्या नव्हे. संस्थेचा अध्यक्ष आणि जमिनीचा मालक व्हँडेल्यूर डब्लिनच्या क्लबात पत्त्यांवर सर्वस्व हरला आणि १८३३ च्या नोव्हेंबरात देश सोडून पळाला. धनकोंनी जप्ती आणली. संस्थेचा करार कायद्याने मानला नाही. तिचे सभासद कुळे ठरले नाहीत, ठरले ते साधे मजूर. त्यांनी केलेली जमिनीची सुधारणा, बांधलेली घरे, साठवलेले धान्य, सर्व कर्जफेडीत गेले. क्रेगने चलनात असलेल्या श्रमाच्या नोटा स्वतःच्या पैशाने फेडल्या आणि तो निघून गेला.

ओवेनचा स्वतःचा आणखी एक प्रयोग लंडनमध्ये चालू होता. १८३२ साली ग्रेज इन रोडवर उघडलेल्या श्रम-विनिमय केंद्रात कारागिरांनी आपला माल आणायचा, कच्च्या मालाची किंमत आणि श्रमाचे तास मोजून नोटा घ्यायच्या, आणि त्या नोटांवर दुसऱ्याचा माल न्यायचा. बाजारभावापेक्षा स्वस्त पडेल ते लोक भराभर उचलून नेत आणि न खपणारा माल फळीवर साचे. १८३४ साली ते बंद पडले. ह्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. एका शहरात बाजार तसाच ठेवून मधोमध एक दुकान श्रममूल्याने चालवता येत नाही, एवढेच त्यातून दिसले.

ओवेनचे मुलगे न्यू हार्मनीतच राहिले. डेव्हिड डेल ओवेनमुळे ते गाव अमेरिकन भूगर्भशास्त्राचे एक केंद्र बनले. रॉबर्ट डेल ओवेन काँग्रेसमध्ये गेला, स्मिथसोनियन संस्थेची स्थापना करणाऱ्या १८४६ च्या कायद्यासाठी झटला, इंडियानात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी लढला, आणि १८६२ साली त्याने गुलामांची मुक्तता करावी म्हणून लिंकनला पत्र लिहिले. बापाच्या नियमावलीतील ती ओळ मुलाने आपल्या परीने खोडली, असे म्हणता येईल.

ओवेनच्या विचाराचा सर्वांत टिकाऊ धागा त्याच्या हातून निघालाच नाही. लँकेशरमधील रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागीर मिळून अठ्ठावीस जणांनी अठ्ठावीस पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर एक दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. त्यांच्यात अनेक ओवेनपंथी होते. रोखीने विक्री, खरेदीच्या प्रमाणात नफावाटप, आणि भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमात एक सभासद एक मत हा जो नियम आहे, त्याची वंशावळ टोड लेनवर पोचते. ह्या दुकानदारांच्या उद्दिष्टांत दुकान हे पहिले पाऊल होते. पुढे घरे बांधायची, कारखाने काढायचे, जमीन घ्यायची, आणि शक्य तितक्या लवकर उत्पादन, वाटप, शिक्षण आणि शासन स्वतः चालवणारी स्वावलंबी वसाहत स्थापायची, असे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणजे तेही न्यू हार्मनीलाच निघाले होते. फक्त खरेदीखत कुणा दात्याच्या नावे नव्हते आणि वही सर्वांना उघडी होती.

दुकान भरभराटले. वसाहत कधीच झाली नाही. १८५४ साली त्यांच्यातील काहींनी सहकारी सूतगिरणी काढली आणि नफ्यातील एक वाटा कामगारांना बोनस म्हणून द्यायचा असा नियम केला. गिरणी चांगली चालली, म्हणून तिचे भाग घ्यायला गावातील इतर लोक पुढे आले. त्यांपैकी बहुतेक त्या गिरणीत काम करीत नव्हते. कामगारांचा वाटा काढून टाकावा असा ठराव सभेपुढे वारंवार येऊ लागला, आणि १८६२ साली तो नव्या भागधारकांच्या बहुमताने संमत झाला.